थोरलीचा कार्यक्रम

१ ऑक्टोबर, रविवार

सकाळी फोन आला आणि ह्यांनी मला न विचारता "हो" म्हणून टाकलं. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते, तिथून ऐकलं. "येतो. येतो म्हणजे येतोच," म्हणाले, फोन ठेवला आणि दुकानदाराला किलोभर साखर सांगावी अशा चेहऱ्याने पुन्हा पेपर उघडला.

फोन ह्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचा. डोंगरापलीकडच्या गावात ती त्या भागाचा ऑर्केस्ट्रा चालवते. लोक तिला कंडक्टरबाई म्हणतात आणि मला दर वेळी तिच्या खांद्याला तिकिटांची बॅग लटकलेली दिसते. तिची मंडळी दिवसा आपापली पोटापाण्याची कामं करतात. शाळामास्तर आहेत, पोस्टातले आहेत, एक डॉक्टर आहेत. संध्याकाळी जमून वाजवतात, आणि म्हणे चांगलं वाजवतात. एकवीस तारखेला त्यांचा कार्यक्रम आहे. ज्याच्या नावावर तिकिटं गेली त्या पियानोवाल्या पाहुण्यानं ऐन वेळी अंग काढून घेतलं. "सर, तुम्ही याल? तीच रचना करू. सगळ्यांची नोटेशनं आहेत आमच्याकडे."

तीच रचना! दोन वर्षांपूर्वी मोठ्या हॉलमध्ये ज्या रचनेत ह्यांच्या आठवणीनं दगा दिला, तीच.

"अहो, झेपेल का?"

"न झेपायला काय झालं?"

"थोरलीला विचारलंत?"

"ती तयारच असते. तुझं सांग. तू येणार ना बरोबर?"

मी नाही गेले तर ह्यांचे मोजे कोण शोधणार? येते म्हटलं.

थोरली म्हणजे ह्यांचा डबल बेस. मी या घरात आले त्याच्या आधीपासून ती आहे, म्हणून ती थोरली आणि मी धाकटी. माझ्याहून हातभर उंच आणि कमरेत माझ्याहून रुंद, याचं मला अजूनही समाधान आहे. जन्मभर ऑर्केस्ट्राच्या मागच्या रांगेत घुमत राहायचं, एवढंच तिच्या वाट्याला. पुढे येऊन एकटीनं बोलायची संधी क्वचित मिळते. ती मिळाली होती, आणि काय होऊन बसलं!

३ ऑक्टोबर, मंगळवार

त्या संध्याकाळबद्दल मी आजवर कधी लिहिलं नाही. आज लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

दुसऱ्या भागाच्या शेवटी एक जागा आहे. तिथे सगळा ऑर्केस्ट्रा गप्प होतो आणि हे एकटे वाजवतात. बराच वेळ, कुणाचीही साथ नाही. मी पहिल्या रांगेत, अगदी ह्यांच्या समोर होते. ती जागा सुरू झाली आणि मला एकदम गरगरायला लागलं. उकाडा, दिवे, गर्दी. इथेच आडवी झाले तर तमाशा होईल असं वाटलं, म्हणून वाकून हळूच बाहेर सटकले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. दारावरच्या मुलीनं पाणी दिलं. दोन घोट घेते न घेते तोच हे समोर उभे! हातात गज, कपाळावर घाम, चेहरा पांढराफटक. मला वाटलं कार्यक्रम संपला. नंतर कळलं की वाजवता वाजवता मध्येच थांबले, थोरलीला शेजारच्या चेलोवाल्याच्या गळ्यात टाकलं आणि स्टेजवरून उतरून चालू लागले. पुढचं आठवलंच नसणार. बिचारे लाजेने सरळ माझ्याकडे आले, पायरीवर बसले आणि लहान मुलासारखा माझा हात घट्ट धरून ठेवला.

विचारणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर दिलं. "विसरलो." पेपरवाल्यांनी लिहिलं, वय झालं. तेव्हापासून एकट्याने म्हणून कुठे वाजवलं नाही. शिकवतात, बोलावलं तर मागच्या रांगेत उभे राहतात. मी तो विषय काढत नाही. उगीच जखमेवरची खपली कशाला काढा?

७ ऑक्टोबर, शनिवार

रियाज सुरू आहे. मी स्वयंपाकघरात कान लावून असते. ती जागा जवळ आली की माझा हात थांबतो. नळ बंद करते, भांड्याचा आवाज होऊ देत नाही, श्वाससुद्धा बेतानं घेते. आणि नेमके तिथेच हे अडतात! थोरली गप्प. मग पाणी प्यायचं निमित्त करून आत येतात, माझ्याकडे बघतात आणि पाणी न पिताच परत जातात. आज विचारलं, "काय करते आहेस?"

"उभी आहे."

"मग ठीक आहे."

काय ठीक आहे, कोण जाणे.

बाकीची लक्षणंही मला बरी दिसत नाहीत. बाथरूममध्ये रबरी चटई आणून टाकली. माळ्यावरचं सामान काढायचं स्टूल गायब. विचारलं तर म्हणे मोडलं, आणि काल गॅलरीत कपाटामागे मला ते धडधाकट सापडलं. गाडी मला चालवू देत नाहीत. बाजारात निघाले की चप्पल घालून दारात हजर, ज्यांना जन्मात कधी कोथिंबिरीची जुडी ओळखता आली नाही! पहाटे जाग येते तेव्हा हे टक्क जागे, कुशीवर वळून माझ्याकडे बघत असतात. झोप नाही का म्हटलं तर "डास होता." खिडकीला जाळी आहे.

माणूस हळूहळू वेगळा होत जातो तो असाच का? कुणाला सांगू?

१० ऑक्टोबर, मंगळवार

काल लेकीकडे जाऊन आले. ह्यांनीच आग्रह करून पाठवलं, आणि मग "आई पोचली का, आई बसली आहे का" असे तिला फोनवर फोन. लेक वैतागली. "बाबा, आई माझ्यासमोर बसली आहे, चहा पिते आहे, आता मी फोन उचलणार नाही!" तेव्हा थांबले.

आज जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. "काल दुपारी काय वाजवलं हो तुमच्या ह्यांनी! साथ ना संगत, एकट्याने, सलग. मी दार उघडं ठेवून ऐकत बसले. भरून आलं मला."

मी हसून मान हलवली. काकूंना हल्ली ऐकू कमी येतं. रेडिओ लागला असेल कुणाचा तरी.

लेकीला ह्यांच्या विसरण्याबद्दल सगळं सांगितलं. ती सगळं ऐकून घेते आणि मग भलतीकडेच जाते. "बाबांचं राहू दे, तू किती वाळली आहेस! मघाशी उठताना टेबल का धरलंस? डॉक्टरांना दाखव."

म्हटलं, आधी बाबांचं हे पार पडू दे. उठता-बसता डोळ्यांपुढे अंधारी कुणाला येत नाही या वयात? प्रेशरची गोळी घेतेच आहे नेमानं, एक दिवस चुकवलेली नाही.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

पोचलो. थोरली मागे झोपून, मी पुढे बसून, आणि हे गाडी चालवताना वळणावळणावर "मळमळतंय का? थांबू का?" मला कधी गाडी लागली आहे?

कंडक्टरबाईच्या घरी वरची खोली दिली आहे. स्वच्छ, दोन खिडक्या, एका कोपऱ्यात थोरलीसाठी जागा मोकळी करून ठेवलेली. खाली तिची आई असते. माझ्याच वयाची, बोलकी. पहिल्या पाच मिनिटांत आमची गुडघ्यांची चर्चा झाली आणि ओळख पक्की झाली.

संध्याकाळी हॉल बघायला गेलो. टाऊन हॉलच आहे, लाकडी जमीन, वर पंखे, खुर्च्या हलवल्या की कुरकुरतात. हे स्टेजवर चढलेसुद्धा नाहीत. आधी विचारलं, "ही कुठे बसणार?" बाईनं पहिल्या रांगेतली मधली खुर्ची दाखवली. "नको. कडेची द्या. दाराजवळ, वारं येईल तिथली. आणि मला दिसेल अशी." मग स्वतः त्या खुर्चीवर बसून बघितली, हलवून बघितली. कंडक्टरबाई माझ्याकडे बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे थोरलीच्या तारा लावत होते तेव्हा मी बाईला बाजूला घेतलं. "हे बघ, तुला म्हणून सांगते. ह्यांच्या पुढे नोटेशनचा स्टँड ठेव. नको म्हणतील, तरी ठेव. ती जागा आली आणि अडले तर निदान नजर टाकता येईल."

"सरांना? काकू, मी वीस वर्षांची असताना कुठल्या ओळीत काय चुकले होते ते सर मला आज दुपारी चहाच्या वेळी सांगत होते. ती ओळ मला आठवत नव्हती!"

"ते जुनं आठवतं गं. नवं जातं."

स्टँड ठेवते म्हणाली.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

आजचा दिवस कसा लिहू? पण लिहिते, कारण शेवट चांगला आहे.

दुपारी मोठी तालीम. पहिला भाग छान झाला. मी कडेच्या खुर्चीवर. दुसरा भाग सुरू झाला आणि माझं लक्ष गेलं तर स्टँडवरची पानं पंख्यानं उडून एक खाली पडलेलं. नेमकं त्याच जागेचं असणार! ती जागा तर आलीच होती. ऑर्केस्ट्रा थांबला, हे एकटे वाजवायला लागले. मी झटकन उठले, पान उचलून द्यायला.

पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर, डोकं ह्यांच्या मांडीवर, आणि सभोवती व्हायोलिनं घेतलेली माणसं वाकून बघत आहेत. असं वाटलं की वर जायचं ते पोचले, आणि तिथली व्यवस्था फारच चांगली आहे.

नंतर कंडक्टरबाईच्या आईनं सांगितलं, ती मागे बसली होती. "अहो, तुम्ही जमिनीला टेकायच्या आधीच ते स्टेजवरून खाली होते. आम्हाला कळायच्या आत त्यांना कळलं. गज तिकडे, वाद्य तिकडे."

म्हणजे त्या जागेला अडलेच होते तर. माझ्या पडण्यानं निदान ते झाकलं गेलं. तेवढा तरी उपयोग झाला म्हणायचं.

ऑर्केस्ट्रात फ्लूट वाजवणारे एक डॉक्टर आहेत. त्यांचा दवाखाना हॉलच्या समोरच. मला तिथे नेलं. त्यांनी आधी आडवं निजवून प्रेशर बघितलं, मग उभं करून बघितलं, आणि भुवया वर गेल्या. हृदयाचा आलेख काढला, बोटातून रक्त घेतलं. हे भिंतीला टेकून उभे. बसा म्हटलं तर बसेनात.

"गोळी कधीपासून घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"खूप वर्षं. ही मोठी दोन वर्षांपूर्वी झाली. ह्यांचा मोठ्या हॉलमधला कार्यक्रम होता ना, त्याच्या थोडंच आधी."

भिंतीकडून ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

"त्यानंतर परत दाखवलंत?"

"ह्यांच्या व्यापातून वेळ कुठे मिळतो?"

"मीठ खाता?"

"सोडलं कधीच."

"आणि वजन?"

"ते उतरलंय बरंच. पूर्वी मीही थोरलीसारखी होते." डॉक्टरांना थोरली कोण ते कळलं नाही.

ते खुर्ची ओढून बसले. "हे बघा. तुम्ही मीठ सोडलंत, वजन उतरवलंत, शहाण्यासारखं वागलात. पण गोळी जुन्या मापाचीच राहिली. आता ती तुम्हाला जास्त होते. पटकन उभ्या राहिलात की प्रेशर धाडकन खाली येतं आणि तुम्हीही येता. हृदय चांगलं आहे. रक्त चांगलं आहे. उद्यापासून अर्धी गोळी, पाणी भरपूर, आणि उठताना आधी जरा बसायचं. घरी गेल्यावर तुमच्या डॉक्टरांना सगळं सांगा."

"एवढंच?" ह्यांनी विचारलं.

"एवढंच."

"म्हणजे हृदयाचं काही नाही? मेंदूचं?"

"अहो सर, अर्धी गोळी. बस्स."

"एवढंच?" पुन्हा विचारलं! मला हसू आलं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं.

तेव्हा कुठे हे बसले. चष्मा काढून पुसायला लागले आणि पुसतच राहिले. उद्याच्या कार्यक्रमाचं दडपण, दुसरं काय?

"त्या दिवशीही तू अशीच उठून गेली होतीस," म्हणाले. "मोठ्या हॉलमधून."

"अहो, आज तो विषय कशाला? उद्या वाजवायचंय. झालं गेलं विसरा बघू."

"बरं. विसरतो," म्हणाले, आणि हसले. खूप दिवसांनी त्यांचे वरचे दात दिसले.

घरी आल्यावर मला पलंगावर बसवून उशा लावून दिल्या. मग थोरलीला कोपऱ्यातून बाहेर काढलं, गजाला राळ लावली आणि माझ्याकडे पाठ करून ती जागा वाजवली. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, कुठेही न थांबता. खालून कंडक्टरबाईच्या आईच्या भांडी घासण्याचा आवाज येत होता तोही थांबला. मी नवऱ्याच्या पाठीकडे बघत होते. चाळीस वर्षं ऐकते आहे, पण थोरली असं काही बोलू शकते हे मला ठाऊक नव्हतं. एवढ्या जाड तारांतून एवढा मऊ आवाज.

"आठवलं की सगळं!" मी म्हटलं.

"हो," म्हणाले. "आठवलं."

तालमीचा उपयोग होतो तो असा. जागा बदलली की डोकं मोकळं होतं माणसाचं.

२२ ऑक्टोबर, रविवार

काल लिहायला बसायचं त्राणच नव्हतं, आनंदाचंही ओझं होतं माणसाला. आज सकाळी लिहिते आहे, खिडकीपाशी.

हॉल भरला होता. मागे उभं राहायलाही लोक होते. पियानोवाल्यासाठी आलेले, थोडे तोंड वाकडं केलेले. माझ्या मागची बाई नवऱ्याला म्हणत होती, "हे एवढं धूड काय वाजवणार एकटं? लग्नातल्या ढोलासारखं वाजेल." मनात म्हटलं, थांबा बाई.

मी माझ्या कडेच्या खुर्चीवर, हातात पाण्याची बाटली, पोटात अर्धी गोळी. हे आले, वाकून नमस्कार केला. पुढ्यातला स्टँड बघितला, माझ्याकडे बघितलं (चोरी पकडली होती), आणि खिशातला रुमाल काढून त्या स्टँडवर वाळत घातल्यासारखा टाकला. पानं झाकूनच गेली.

ती जागा आली. ऑर्केस्ट्रा थांबला. कंडक्टरबाईनं हात खाली घेतले. सगळा हॉल एका माणसाकडे बघत होता आणि त्या माणसानं डोळे मिटले.

मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. फेडता येणार नाही. पण वाजवलं! असं वाजवलं की वरच्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता. शेवटचा सूर लांबवला, लांबवला, इतका की मला वाटलं आता माझाच श्वास संपेल. मग गज उचलला, आणि ऑर्केस्ट्रा अलगद आत आला. फ्लूटवाले डॉक्टर सगळ्यांत आधी. माझ्या मागच्या बाईनं नवऱ्याला पुसायला काही आहे का विचारलं. मी माझा रुमाल दिला.

एक गोष्ट मात्र मला लागली, लिहून ठेवते. पूर्वी कुठेही वाजवायला उभे राहिले की हे सारखे माझ्याकडे बघायचे. मागच्या रांगेतूनसुद्धा, मान वर करून करून. काल वाजवायला लागल्यावर एकदाही बघितलं नाही! मी इतकी तोंड हसरं ठेवून बसले होते. जाऊ दे. डोळे मिटून वाजवता येतं एवढा धीर आला, यातच सगळं आलं.

टाळ्या थांबेनात. परत बाहेर यावं लागलं, मग परत. हे थोरलीला पुढे करून स्वतः मागे उभे राहत होते, जणू तीच पाहुणी. कंडक्टरबाई रडत रडत हसत होती. नंतर मी तिला म्हटलं, "स्टँड ठेवलास म्हणून हो. नुसता असला तरी आधार वाटतो माणसाला." तिनं मला मिठीच मारली. म्हणाली, "काकू, तुम्ही गोळी अर्धीच घ्या हं. विसरू नका." हिला माझ्या गोळीचं काय पडलं आहे! पण मुलगी गुणी आहे.

आता नऊ वाजून गेले. खाली चहा झाला, बोलावणंही येऊन गेलं. मी सांगितलं, ह्यांना उठवू नका. उताणे झोपले आहेत, तोंड उघडं, थोरलीच्या जाड तारेवर कुणी संथ गज फिरवावा तसे घोरत. मी उठले (आधी जरा बसून, मग), खिडकी उघडली, बॅगा भरल्या, कपाटाचं दार करकरलं, तरी जाग नाही. लहान मूलसुद्धा असं झोपत नाही.

मघाशी मध्येच कूस बदलली. डोळे मिटलेलेच. हात बाजूच्या रिकाम्या गादीवर फिरला.

"आहेस का?"

"आहे," मी म्हटलं. "इथे खिडकीपाशी आहे."

"बरं," म्हणाले, आणि पुन्हा घोरायला लागले.